पेशीच्या भिंतीला परकराच्या नाड्या

आमचे हे कोर्टात कारकून होते. नव्या ओळखीच्या कुणी 'वहिनी काय करतात?' असं विचारलं की चष्मा पुसत शांतपणे सांगायचे, 'आतडी शिवते.' समोरच्याला वाटायचं, बाई ऑपरेशन थिएटरात असतात. मग त्याची बायको मला हळदीकुंकवाला एकटीला गाठून स्वतःच्या पोटाची तक्रार सांगायची.

तर आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी शिवणकाम करते. शाळा-कॉलेजात शिकवायला जी हृदयं, फुप्फुसं, मूत्रपिंडं, बेडूक आणि जास्वंदीची फुलं लागतात, ती मी कापडाची शिवते. माझं शिक्षण म्हणाल तर लग्नाआधी जेवढं झालं तेवढंच. बाकीचं शरीर मी टाके घालता घालता शिकले. यकृत उजवीकडे असतं हे मला परीक्षेसाठी पाठ करावं लागलं नाही, मी ते एकदा डावीकडे शिवून बसले होते आणि सगळं उसवावं लागलं होतं, म्हणून लक्षात राहिलं.

आमच्या भिवंडीत कापडाला काय तोटा. लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडाला इथे 'ग्रे' म्हणतात. ते असतं पिवळट पांढरं, पण म्हणायचं ग्रेच. दोन गल्ल्या सोडून रफिकभाईंचा कारखाना आहे, तिथून मी काठाकडचे तुकडे आणि सुताचा कचरा आणायची. तुकडे रंगवायचे, शिवायचे, आत कचरा ठासून भरायचा. रफिकभाई पोतं भरता भरता विचारायचे, 'ताई, आज क्या बनेगा, दिल या गुर्दा?' मी म्हणायची, 'आज मेंदू.' ते म्हणायचे, 'फिर थोडा ज्यादा कचरा ले जाओ.'

गिऱ्हाइकं एकेक नग. एका हेडमास्तरांनी पचनसंस्था मागवली. न्यायला आले, तोंडापासून खालपर्यंत सगळं नीट बघितलं आणि खालच्या टोकाला येऊन घुटमळले.

'सुलभाताई, काम उत्तम. फक्त शेवट.'

'शेवटाचं काय?'

'वर्गात मुली आहेत.'

'मुलींनाही असतो की सर.'

हेडमास्तर घामाघूम. शेवटी मी तिथे एक छोटी झडप शिवून टिचबटण लावून दिलं. पुढल्या वर्षी ती पचनसंस्था दुरुस्तीला आली. जठर नव्यासारखं, आतड्यांना कुणी हातही लावलेला नाही, आणि झडपेचं टिचबटण मात्र उघडून उघडून निखळलेलं. दुसऱ्या एका शाळेतलं हृदय परत आलं तर त्याला खोबरेल तेलाचा वास. मधल्या सुट्टीत गुरुजी त्याच्यावर डोकं टेकत असत.

मग वर्गावर्गांत ते मोठाले पडदे आले. पडद्यावरचं हृदय धडधडतं, त्यातून रक्त वाहतं, मास्तरांनी बोट लावलं की फिरतं सुद्धा. त्यापुढे माझं हृदय बापडं खुंटीला टांगलेलं. ऑर्डरी आटल्या आणि मी पुन्हा ब्लाऊज शिवायला लागले. वाईट वाटलं. ब्लाऊजचं गिऱ्हाईक फार कुरकुर करतं, बेडकाने कधी केली नव्हती.

अशात एका दुपारी गुप्ते मॅडम आल्या. या आमच्याच आळीतल्या, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. बरोबर त्यांच्या कोपराला धरून चालणारी एक काटकुळी मुलगी होती, जयवंती. अंबाडी गावाच्या पुढे डोंगराच्या कुशीला तिचा पाडा. घरी थोडी शेती आणि मिळेल ती मजुरी. बारावीपर्यंत तिला तुमच्या-माझ्यासारखं दिसत होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी डोळ्यांच्या आतला पडदा खराब होत गेला, आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर सगळंच विझलं.

मॅडम म्हणाल्या, 'काकू, प्रिन्सिपॉल म्हणतात हिने आर्ट्सला जावं. सूक्ष्मदर्शकात काय बघणार, आकृती कशी काढणार?'

'समाजशास्त्र देतात मना,' जयवंती म्हणाली. 'समाजशास्त्र काय वाईट न्हाय. पण माझी पेशी अर्धी शिकून झालीय. ती मधेच टाकून कशी जाऊ?'

मॅडमनी बरीच भांडाभांडी केली होती. त्यातून ठरलं ते असं: वर्षाअखेरीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला जयवंतीने सगळ्यांबरोबर बसायचं. आकृतीऐवजी तिने प्रतिकृतीवर समजावून सांगितलं तर चालेल, पण ते आकृतीच्या तोडीचं आहे की नाही हे बाहेरून येणारे परीक्षक ठरवणार. त्यांनी हो म्हटलं तर विज्ञानाचं तिसरं वर्ष, नाही म्हटलं तर समाजशास्त्र.

मी मोठ्या हौसेने माझी जुनी पेशी काढून दिली. निळं केंद्रक, गुलाबी अंग, कडेला पिवळी झालर. जयवंतीने ती चाचपली, दाबली, उलटी केली.

'मावशी, ही पेशी हाय का उशी?'

'अगं, रंग बघ किती...' म्हणाले आणि जीभ चावली.

'रंग चांगलाच असंल,' ती हसत म्हणाली. 'पण माझ्या बोटांना सगळी भिवंडी एकाच कापडाची लागतेय.'

इतकी वर्षं मी फक्त डोळ्यांसाठी शिवत आले होते, हे मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. खरं सांगते, जरा लागलंच. मग मी चहा टाकला.

चहा पिता पिता मॅडमनी काय हवंय ते समजावलं. पेशीत माल एकीकडे तयार होतो आणि हवा असतो दुसरीकडे. तो सुटा जात नाही, पातळ पडद्याच्या बारीक पिशवीत जातो. ती पिशवी वाहून नेणारं एक प्रोटीन असतं, त्याला चक्क दोन पाय असतात, आणि पेशीत ताणलेल्या दोरीवरून ते एकेक पाऊल टाकत चालतं.

'हमालच की,' मी म्हटलं.

'हमालच. पण मला त्याच्या पुढचं हवंय. पिशवी पेशीच्या बाहेरच्या पडद्याशी पोचली, त्याला आपण भिंत म्हणू. आता आतला माल बाहेर गेला पाहिजे आणि भिंत तर फुटता कामा नये. तेव्हा पिशवीचा पडदा आणि भिंतीचा पडदा मिळून एक होतात, पिशवीचं तोंड बाहेर उघडतं आणि पिशवी भिंतीतच मिसळून जाते.'

'आपली आपण मिसळते?'

'नाही ना. दोन्ही पडदे एकमेकांपासून अंग चोरून असतात. त्यांना जोर लावून जवळ ओढावं लागतं. तो जोर लावणारी प्रोटीनं म्हणजेच हा सगळा धडा.'

जयवंतीने कप खाली ठेवला. 'माझा भाऊ पडघ्याला गोदामात हाय. ट्रक दाराला लागला म्हंजे माल उतरला असं न्हाय, तो म्हणतो. परीक्षक तेच इचारणार. उघडलं कोणी?'

मी म्हटलं, सोपं आहे. त्या दिवसांत माझा वेल्क्रोवर फार जीव होता. बटण नको, काज नको, टेकवलं की चिकटतं. पेशीची भिंत केली जाड कॉड्रॉयची, पिशव्या केल्या साटिनच्या, म्हणजे बोटांना फरक कळेल. सगळ्यांना भरपूर वेल्क्रो लावला. पिशवीत माल म्हणून आधी मोहरी भरली, ती फटींत जाऊन बसली, मग साबुदाणा घातला.

जयवंतीने एक पिशवी उचलली. ती दुसऱ्या पिशवीला घेऊनच वर आली. दोन्ही सोडवल्या तर एक केंद्रकाला चिकटली. मी शिवलेला दोन पायांचा हमाल दोरीला चिकटला. मॅडम मदतीला वाकल्या, तर त्यांच्या शिफॉनच्या पदराला साबुदाण्याची पिशवी लागली, ती ओढून काढताना सूत निघालं. मॅडमनी पदर कमरेला खोचला आणि पुढची पिशवी सोडवायला घेतली. शिक्षकी पेशात संयम लागतो.

'मावशी,' जयवंती म्हणाली, 'अशी पेशी असती तर आपण सगळी एक लाडू होऊन बसलो असतो.'

'प्रत्येक पिशवीला ठरलेलीच भिंत लागते, काकू,' मॅडम म्हणाल्या. 'पिशवीवर एक प्रोटीन, भिंतीवर त्याचे जोडीदार. ते जुळले तरच पुढचं काम.'

मग मी हूक आणले, ब्लाऊजचे. पिशवीला हूक, भिंतीला कडी. हे चुकीच्या जागी चिकटत नव्हतं, पण पिशवी भिंतीला नुसतीच लोंबायची. जयवंतीने ती हलवून बघितली. 'ही तर दारात येऊन उभी राहिली, मावशी. पाहुणी आत येतच न्हाय.'

तेव्हा मॅडमनी कागदावर चित्र काढून दाखवलं. ही प्रोटीनं हुकांसारखी नसतातच, लांब दोऱ्यांसारखी असतात. चार दोरे. पिशवीवरून एक येतो. भिंतीवरून एका प्रोटीनचा एक येतो आणि दुसऱ्या प्रोटीनचे दोन. हे चारही एकमेकांत गुंफत जातात आणि गुंफता गुंफता पिशवीला भिंतीपर्यंत ओढतात.

चार दोरे म्हटल्यावर मी परकराच्या नाड्या काढल्या. पिशवीला चपटी सुती नाडी, भिंतीला गोल रेशमी, आणि दुसऱ्या प्रोटीनची म्हणून एक लांब सुतळी मधोमध भिंतीला टाचून तिची दोन टोकं मोकळी सोडली. रंगाचा विचारच केला नाही, बोटांनी ओळखू यावं एवढंच बघितलं. मला वाटलं, जमलं. चार पेडांची वेणी मी माझ्या नणंदांच्या लग्नांत किती घातली असेल. पिशवी डाव्या हाताने भिंतीला टेकवून धरली, मुळापासून वेणी घालत शेंड्यापर्यंत आले आणि गाठ मारली. सुरेख वेणी झाली.

जयवंतीने मुळापासून शेंड्यापर्यंत बोटं फिरवली. 

'पिशवी भिंतीशी कोणी आणली, मावशी?'

'मी धरली होती की.'

'मग नाड्यांनी काय केलं?'

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम कागदाकडे बघत होत्या.

'मुळाशी नाही सुरू होत ते,' त्या हळूच म्हणाल्या. 'मोकळ्या टोकांकडून सुरू होतं आणि मुळाकडे येतं.'

आता तुम्ही सांगा, कुठल्या बाईने आजवर शेंड्याकडून वेणी सुरू केलीय? जन्मभर हात टाळूपासून खाली जातो. मी उलटं करायला बसले तर माझी बोटं मला ओळखच दाखवेनात. पेड सुटत, नाड्या गळत. तीनदा घातली, तीनदा शेवया झाल्या. मॅडमनी प्रयत्न केला, त्यांच्या तर शेवयाही नीट होईनात.

'येणी कशाला पाहिजे?' जयवंती म्हणाली. 'पीळ द्या ना. आमचा बाबा गुरांना दावं वळतो, तसं.'

ती जमिनीवर बसली. भिंतीचं कापड पायाच्या अंगठ्यांनी दाबून धरलं, पिशवी समोर लांब ठेवली, चारही नाड्यांची टोकं एकत्र चिमटीत धरली आणि फिरवायला लागली. पीळ टोकाशी पडला आणि सरकत सरकत मुळाकडे जायला लागला. दोर आखूड होत गेला. आणि पिशवी, कुणी हात न लावता, चटईवरून खुरडत भिंतीकडे यायला लागली.

मॅडम म्हणाल्या, 'काकू, हेच. ते पीळच घेतात.' चित्रात पीळच काढला होता हो. मी वेणीच्या नादात बघितला नव्हता.

पुढचं शिवण माझं होतं. भिंतीला एक चीर ठेवली, पिशवीचं तोंडही तिच्यासमोर ठेवलं, दोन्ही कच्च्या धावदोऱ्याने मिटवली आणि तो दोरा नाडीच्या मुळाशी अडकवला. पीळ पुरता बसला की दोरा खेचून निघतो, दोन्ही तोंडं एकमेकांसमोर उघडतात, अंगठ्याने दाबलं की कडेची टिचबटणं बसतात आणि पिशवीचं कापड भिंतीला जोडलं जातं. साबुदाणा बाहेर. पहिल्यांदा जमलं तेव्हा घरभर झाला. आमचे हे वर्तमानपत्र बाजूला करून म्हणाले, 'उपास कुणाचा आहे?'

परीक्षेच्या दिवशी मॅडमनी मलाही बोलावून घेतलं, काही उसवलं तर असावी म्हणून. सुईदोरा घेऊन मी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर स्टुलावर बसले. स्वतःच्या मुलांच्या परीक्षांना मी कधी गेले नाही, आणि इथे मी ओवलेली सुई पुन्हा पुन्हा ओवत होते. परीक्षक उंच, काटेकोर इस्त्रीचे, आवाज मऊ. मुलांच्या वह्यांतल्या आकृत्या ते मान तिरकी करून बघत होते. जयवंतीचा नंबर आला, तशी ती सरळ जमिनीवर बसली आणि भिंत अंथरली.

परीक्षक क्षणभर उभेच राहिले. मग इस्त्री सांभाळत तेही उकिडवे बसले. 'हे दोरे कसले?'

मॅडम काही शास्त्रोक्त बोलणार, तेवढ्यात मी दारातून सांगितलं, 'परकराच्या नाड्या आहेत, सर.' मॅडमनी डोळे मिटून घेतले.

जयवंतीने मात्र परीक्षकांना तोंडच उघडू दिलं नाही. हमाल दोरीवरून चालवत आणला, पिशवी भिंतीसमोर ठेवली. 'ही सुती नाडी पिशवीची, सर. ही रेशमी भिंतीची. हे सुतळीचे दोन पदर एकाच प्रोटीनचे. टोकं जुळली. आता पीळ पडतोय. हात लावू नका, पिशवी आपली आपण येईल.' पिशवी आली. दोरा सुटला, तोंडं उघडली आणि साबुदाणा परीक्षकांच्या बुटाखाली गेला.

'छान,' ते म्हणाले. 'घाईत झालं पण. पुन्हा एकदा करून दाखवा, सावकाश.'

मी स्टुलावरून उठले. पीळ करकचून बसला होता, आणि सोडवायला वेळ लागतो.

'पुन्हा करायचं तर पीळ सोडवायला लागंल, सर,' जयवंती म्हणाली. 'तो आपोआप सुटत न्हाय. पेशीत उलगडणारं प्रोटीन वेगळं असतं, आन त्याला ऊर्जा खर्च करायला लागते. सोडवताना भिंत दोन्ही हातांनी धरायला लागते, माझे हात तिकडं हायेत.' तिने नाड्यांचं टोक त्यांच्यापुढे केलं. 'तुमी व्हा ते प्रोटीन.'

 परीक्षकांनी टोक हातात घेतलं आणि फिरवायला लागले.

'घट्ट होतंय, सर. उलटं.'

त्यांनी उलटं फिरवलं. नाडी त्यांच्या अंगठीत अडकली, ती काढली, पुन्हा लागले. कपाळावर घाम आला. सगळा वर्ग माना पुढे करून बघत होता.

'ऊर्जा लागते ना, सर?'

'लागते,' परीक्षक म्हणाले.

नाड्या सुट्या झाल्या. रुमालाने कपाळ टिपून, पुन्हा करायचं ते तसंच सोडून, त्यांनी विचारलं, 'आता मला सांगा, ही पिशवीवरची एकटी नाडी कापली गेली तर?'

'कातर हाय का मावशीकडे?'

'कापू नको गं,' मी दारातून म्हणाले. परीक्षेत बोलायचं नसतं हे मला कळतं, पण त्या मुळाला मी दुहेरी टाका घातला होता.

'बरं, दुमडून दाखवते,' म्हणत तिने सुती नाडी पिशवीच्या पोटाखाली सारली. 'धनुर्वाताचं इष हेच करतं, सर. ही नाडी कापतं. मग पिशवी दाराशी येते आन उभीच राहते. स्नायूला सैल हो सांगणारा निरोप पिशवीत अडकून पडतो. म्हणून माणूस लाकडासारखा ताठतो.'

परीक्षकांनी पुढे काही विचारलं नाही. ते उठले, गुडघे झटकले आणि गुप्ते मॅडमना म्हणाले, 'आकृतीत मुलं दोन पडदे काढतात आणि मध्ये बाण. बाणाच्या जागी काय होतं, ते मी आज पहिल्यांदा हाताने केलं. हे आकृतीच्या जागी धरायला माझी काही हरकत नाही.'

मॅडमनी मान खाली घातली, डोळे पुसायला असावी. मी आत येऊन साबुदाणा वेचायला लागले, म्हणजे मलाही खाली बघायला कारण झालं. जयवंती मात्र हलायला तयार नव्हती.

'सर, तुमी अर्धंच इचारलंत. पिशव्या येतात आन भिंतीत मिसळतात. अशा रोज मिसळत राहिल्या तर भिंत वाढतच जाणार ना? मग ती परत आत कशी ओढून घेतात, ते न्हाय इचारलं.'

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. बाहेर पुढची मुलं खोळंबली होती.

'ते तिसऱ्या वर्षाला आहे,' ते म्हणाले. 'तेव्हा विचारीन.'

ते पुढच्या टेबलाकडे गेले. जयवंतीने हात लांब करून माझा खांदा शोधला आणि कानाशी येऊन म्हणाली, 'मावशी, ऐकलंत ना, कितव्या वर्षाला? ही भिंत आत वळवता येईल असं जरा पातळ कापड बघा.'